एक किंवा एक बरोबर शून्य

लुडविग्सहाफेनमधल्या आमच्या मंडळींत एक गृहस्थ होते, त्यांना सगळे 'सर' म्हणायचे. ते कुठल्याही शाळा-कॉलेजात शिकवत नव्हते. एका मोठ्या कंपनीत रंगांच्या चिकटपणावर काम करायचे आणि त्याच विषयात त्यांनी इथल्या विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली होती. घराच्या घंटीवर, टपालपेटीवर, एवढंच काय, तळघरातल्या त्यांच्या खोलीच्या दारावरसुद्धा आडनावाआधी 'डॉ.' असायचं. जर्मन माणसाला ती अक्षरं दिसली की तो जरा ताठ उभा राहतो. आमचा माणूस वाकतो. सरांना दोन्ही आवडायचं.

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही काही कुटुंबं चर्चच्या मालकीचं एक सभागृह भाड्याने घेऊन जमायचो. आधी बुद्धवंदना, मग मुलांचा वर्ग, मग जेवण. वंदनेनंतर कोणीतरी चार शब्द बोलायचं आणि हमखास हेच सांगायचं, की मोठा माणूस म्हणतो म्हणून काही मानू नका, स्वतः पडताळून पाहा. सगळे माना डोलवायचे. मग सर शिकवायला उभे राहायचे आणि पडताळणी संपायची.

ही गोष्ट घडली तेव्हा माझी मुलगी गिम्नाझिउममध्ये, म्हणजे इथल्या माध्यमिक शाळेत, नववीला होती. तिच्याच वर्गात आमच्या मंडळींतली आणखी दोन मुलं होती. तिघांनीही इन्फॉर्मातिक, म्हणजे शाळेतला कॉम्प्युटरचा विषय, घेतला होता, आणि येत्या परीक्षेला लॉजिक गेट होते, म्हणजे 'हो'ला एक आणि 'नाही'ला शून्य धरून उत्तर काढणारी छोटी सर्किटं. सरांनी जाहीर केलं की या महिन्यात ते लॉजिक गेट शिकवतील.

आता माझ्याबद्दल थोडं. मी औरंगाबादची इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. नदीपलीकडे मानहाइममध्ये एका छोट्या कंपनीत काम करत होते. रासायनिक कारखान्यात काही बिघडलं तर कुठली झडप बंद व्हावी, कुठला पंप थांबावा, हे ज्या कपाटांमधली यंत्रणा ठरवते, ती तपासायचं माझं काम. थोडक्यात, लॉजिक गेट ही माझी भाकरी होती. माझा नवरा केमिस्ट. तो म्हणाला, "तू शिकव की. तुझाच विषय आहे."

म्हणून मी रविवारचं सगळं ठरवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "ताई, तुम्हाला येतं हो सगळं, पण तुम्ही जरा फटकळ बोलता ना, मुलं बिचकतात. आणि सरांनी तयारी केलीय. तुम्ही कोशिंबीर आणाल का या वेळी?"

मी काकड्या घेऊन गेले.

सभागृहाला लागून स्वयंपाकघर होतं आणि मधल्या भिंतीला ताटं सरकवण्यापुरती खिडकी होती. त्या खिडकीतून मला फळा दिसत होता. सरांनी आधी 'आणि' शिकवलं. मुलगाही हो म्हणाला आणि मुलगीही हो म्हणाली तरच लग्न जमतं, नाहीतर नाही. पालक हसले. उदाहरण चौदा वर्षांच्या मुलांसाठी होतं की त्यांच्या आयांसाठी, हा प्रश्न सोडला तर त्यात चूक काही नव्हती.

मग 'किंवा' आलं. सरांनी फळ्यावर 'A + B' लिहिलं आणि खाली तक्ता आखला. आपल्याकडच्या पुस्तकांत 'किंवा'साठी अधिकचं चिन्ह वापरतात. ते फक्त चिन्ह आहे, बेरीज नाही, हे पुस्तकात त्याच पानावर सांगितलेलं असतं. सरांनी बहुधा पान अर्धंच वाचलं होतं.

"शून्य अधिक शून्य?" सरांनी विचारलं.

"शून्य," मुलं म्हणाली.

"शून्य अधिक एक?"

"एक."

"एक अधिक एक?"

"दोन," एकजण म्हणाला.

सर प्रेमळ हसले. "बायनरीत दोन नसतातच. एक अधिक एक म्हणजे एकावर शून्य. म्हणून इथे शून्य लिहायचं आणि हातचा एक वर बारीक अक्षरात लिहायचा. नेहमी लक्षात ठेवा, हातचा लिहिला की मार्क पूर्ण."

मुलांनी मान खाली घालून लिहून घेतलं. माझी मुलगीही लिहीत होती. मी सुरी ठेवली आणि बाहेर आले.

"सर, ती बेरीज झाली," मी म्हणाले. "हे 'किंवा' आहे. यातला एक खरा असला तरी उत्तर एक, आणि दोन्ही खरे असले तरी एकच. शून्य नाही."

"ताई, व्यवहारातलं वेगळं आणि शास्त्रातलं वेगळं," सर म्हणाले. "तुम्ही व्यवहारातल्या आहात."

दोघं-तिघं हसले. मुलांच्या पुढ्यात शाळेने दिलेला छापील कागद होता. त्यावर 'किंवा'चा गेट इथल्या पद्धतीप्रमाणे चौकोनात काढला होता आणि चौकोनात चिन्ह होतं, 'एक किंवा त्याहून जास्त' असं सांगणारं. म्हणजे उत्तर चौकोनातच लिहिलेलं. मी त्यावर बोट ठेवलं.

सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "ती इथली सवय आहे. खोक्यात काहीतरी लिहायचं. आपण त्यामागचं गणित बघतोय."

एका मुलाचे वडील म्हणाले, "सर सांगतायत ना ताई, होऊ द्या त्यांचं."

मी परत स्वयंपाकघरात गेले. उरलेली काकडी मी इतकी जाड चिरली की जेवताना दोघांनी त्याबद्दल विचारलं.

त्या संध्याकाळी मी मुलीला घरी टेबलाशी बसवलं. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. मी म्हटलं, "तुला विचारलं, चहा घेणार की कॉफी, तर तू काय सांगशील?"

"काहीच नाही. दोन्ही आवडत नाहीत," ती म्हणाली.

"बरं. कोको की ज्यूस?"

"कोको."

"बघ, 'की' म्हटलं की दोघांतलं एकच निवडायचं असतं. आता मी म्हटलं, बाबा किंवा आत्या आली तर दार उघड. आणि दोघंही एकदम आले तर? दार बंद ठेवशील?"

"नाही."

"मग 'किंवा'मध्ये दोन्ही असले तरी चालतं. आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. जर्मनमध्ये दोन्हीकडे 'ओडर' म्हणतात, म्हणून घोळ होतो."

तिने थोडा विचार केला. मग बाहेरच्या पॅसेजकडे बोट दाखवलं. आमच्या पॅसेजला दोन टोकांना दोन बटणं आहेत, दिवा एकच. "तिथे एक बटण दाबलं तर दिवा लागतो, दुसरं दाबलं तरी लागतो. दोन्ही दाबली तर विझतो. मग काका बरोबर आहेत."

खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तिचा फार अभिमान वाटला. सरांच्या डोक्यात हा प्रश्न जन्मात आला नसता. मी तिला सांगितलं की पॅसेजचा दिवा हा 'किंवा' नव्हे, तो 'की'वाला गेट आहे, दोघांतला नेमका एक. त्याला वेगळं नाव आहे, वेगळा चौकोन आहे, आणि त्याचा तक्ता काकांच्या तक्त्यासारखा दिसतो. मग मी माझ्या कामातलं सांगितलं. टाकीतला दाब वाढला किंवा तापमान वाढलं तर झडप बंद झाली पाहिजे. दाब वाढला, बंद. तापमान वाढलं, बंद. "आणि दोन्ही एकदम वाढलं तर? काकांच्या तक्त्याप्रमाणे शून्य. म्हणजे झडप उघडी. तेव्हा कुठे उभं राहायला आवडेल तुला?"

ती हसली. "घरी. खिडक्या लावून."

"कळलं?"

"गेनाऊ," ती म्हणाली आणि उठून गेली. जर्मनमध्ये याचा अर्थ 'अगदी बरोबर'. आमच्या मुलीच्या तोंडी त्याचा अर्थ 'आता पुरे' असाही होतो, हे मी त्या दिवशी ध्यानात घेतलं नाही.

परीक्षा झाली. नंतर शाळेतून ईमेल आला. तिन्ही मुलांच्या पालकांना बोलावलं होतं, विषयाच्या जागी 'टॉयशुंग्सफरझूख' हा शब्द होता. म्हणजे फसवणुकीचा प्रयत्न. कॉपी.

इन्फॉर्मातिकच्या बाई तरुण होत्या, केस आखूड, आवाज शांत. त्यांनी आम्हाला वर्गातल्या छोट्या बाकांवर बसवलं आणि तीन उत्तरपत्रिका शेजारी शेजारी मांडल्या. प्रश्न असा होता की घराच्या छताला धूर ओळखणारी दोन यंत्रं आहेत, त्यांतल्या एकाला किंवा दुसऱ्याला धूर लागला तर भोंगा वाजला पाहिजे. तक्ता करा, आणि भोंगा केव्हा वाजेल ते वाक्यात लिहा.

तिघांच्याही तक्त्यात शेवटच्या ओळीत शून्य होतं. तिघांनीही त्या शून्यावर बारीकसा एक काढला होता.

"चूक कोणाचीही होते," बाई म्हणाल्या. "पण हा छोटा एक वर्गात दुसऱ्या कोणीही लिहिलेला नाही. आणि पुढे बघा."

बाकी दोघांनी वाक्यात लिहिलं होतं की दोन्हीकडे धूर असेल तर भोंगा वाजणार नाही. बाईंनी समासात लाल शाईने लिहिलं होतं, 'मग घरातल्या माणसांनी काय करायचं?' माझ्या मुलीने मात्र लिहिलं होतं, 'दोन्हीकडे धूर असेल तर अर्थातच वाजेल.' म्हणजे तक्ता काकांचा आणि वाक्य आईचं. एकाच पानावर, एकाखाली एक.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. हिला विषय कळतो, वाक्यावरून दिसतं. मग स्वतःच्याच वाक्याशी न जुळणारा तक्ता हिने कुठून आणला? शेजारच्यांकडून. माझी मुलगी अर्धं बरोबर लिहिल्यामुळे तिघांत जास्त संशयित ठरली होती.

मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या मुलाच्या वडिलांनी, तेच ते 'होऊ द्या त्यांचं' म्हणणारे, माझ्याकडे वाकून मराठीत हळूच सांगितलं, "ताई, सरांचं नाव नका घेऊ. आपण म्हणू, मुलांनी एकत्र अभ्यास केला."

"अहो, तुमच्या मुलावर कॉपीचा शिक्का बसतोय," मी म्हणाले.

"बसू द्या. मुलं आहेत, विसरतील. सरांना कळलं तर बरं दिसणार नाही."

मला त्यांचा राग आला, आणि त्यांना तसं का वाटतं हेही मला माहीत होतं. त्यांच्या वडिलांनी त्यांना शिकवायला काय काय केलं होतं ते त्यांनी एकदा जेवताना सांगितलं होतं. माझ्या वडिलांनीही तेच केलं होतं. आमच्या वस्तीतला एक मुलगा पहिल्यांदा एम.ए. झाला तेव्हा माझ्या वडिलांनी मला नुसतं त्याला बघायला नेलं होतं. ज्यांच्या आज्याला पाटीला हात लावू दिला नाही त्यांना डॉक्टरेटपुढे मान झुकवावीशी वाटते, याला मी हसणार नाही. पण आपल्या पोराला लबाड ठरवून दुसऱ्याच्या अर्धवट ज्ञानाची अब्रू राखायची, हे कुठलं मान झुकवणं? हा सरळ भित्रेपणा होता. तोही एका अशा माणसाच्या भीतीपोटी, ज्याच्या हातात आम्हाला दुखवण्यासारखं काहीही नव्हतं.

मी बाईंना जर्मनमध्ये सांगितलं, "मुलांनी कॉपी केलेली नाही. त्यांना हे असं शिकवलं गेलंय. तुम्ही एकेकाला आत बोलावून तोच तक्ता परत करायला सांगा."

बाईंनी तसं केलं. मुलं बाहेर उभी होती. पहिला आला, फळ्यावर तक्ता काढला, शेवटी शून्य लिहून वर बारीक एक काढला. बाईंनी कारण विचारलं. तो म्हणाला, "एक अधिक एक म्हणजे एक-शून्य, हातचा एक." दुसरी आली, तिने तेच केलं आणि जवळजवळ त्याच शब्दांत सांगितलं. मग माझी मुलगी आली. तिने खडू उचलला, माझ्याकडे पाहिलं आणि शून्यच लिहिलं, बारीक एकासकट.

"पण वाक्यात तर तू वेगळं लिहिलंयस," बाई म्हणाल्या.

"वाक्य म्हणजे खरं घर आहे," ती म्हणाली. "तक्ता म्हणजे तेओरी." थिअरी.

बाईंनी फळ्यावरचा तक्ता पुन्हा वाचला. मग त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "हे 'किंवा' नाही. ही दोन अंकांची बेरीज करणारी जोडणी आहे. आपला पुढचा धडा. तुम्ही पुढच्या धड्याचं उत्तर या धड्याला लिहिलंय. कोणी शिकवलं?"

मुलांनी पालकांकडे पाहिलं. ते वडील खिडकीबाहेर बघत होते. शेवटी माझी मुलगी म्हणाली, "एका काकांनी. ते डॉक्टर आहेत."

"कुठल्या विषयात?"

"रंग," ती म्हणाली.

फसवणुकीचा आरोप बाईंनी तिथेच मागे घेतला. तक्त्याचे गुण मात्र दिले नाहीत, आणि ते बरोबरच होतं. निघताना त्या मला म्हणाल्या, "त्या काकांना सांगाल का, पुढच्या धड्याआधी मला एकदा भेटा म्हणून?" यात थट्टा होती की नाही मला कळलं नाही. असली तर मला आवडली.

घरी येताना मी मुलीला विचारलं, "मी सांगितलं होतं ना? मग तक्ता त्यांचा का लिहिलास?"

तिने खांदे उडवले. "ते डॉक्टर आहेत."

माझ्या नवऱ्याने सरांना फोन केला आणि झालेलं सगळं सभ्य शब्दांत सांगितलं. माझ्याने ते झालं नसतं. फोन स्पीकरवर होता. सर शांतपणे म्हणाले, "पालकांना शिक्षकांशी नीट बोलता आलं नसेल. जर्मन जरा सुधारायला हवं आपल्या लोकांचं." नवऱ्याने डोळ्यांनीच मला गप्प राहायला सांगितलं.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी मी मुद्दाम गेले. वंदना झाली. सर उभे राहिले आणि म्हणाले की परीक्षेत थोडा गैरसमज झाला होता. आपल्याकडचं 'किंवा' आणि इथलं 'किंवा' यांत फरक आहे. "जर्मन पद्धतीत एक किंवा एक म्हणजे एक धरतात. परीक्षेपुरतं तसं लिहा."

धरतात. जसं काही इथल्या सरकारने तसा कायदा केला होता.

मी उभी राहिले. "सर, औरंगाबादलाही एकच धरतात. मी तिथेच शिकले."

"असेल, विद्यापीठाविद्यापीठात फरक असतो."

"सर, समजा तुमच्याच कंपनीत धूर ओळखणारी दोन यंत्रं आहेत. दोन्हीकडे आग लागली आणि भोंगा वाजला नाही, तर तुम्ही विद्यापीठ विचारणार का?"

सरांनी पाण्याचा ग्लास उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "तो वेगळा विषय आहे. आपण जेवून घेऊया."

आणि सगळे उठले. मुलाचे वडील माझ्या जवळून गेले, पण थांबले नाहीत. सगळं ठरवणाऱ्या बाईंनी माझ्या ताटात भात वाढला आणि म्हणाल्या, "ताई, कशाला एवढं मनावर घेता? मुलं पास झाली की." सरांच्या भोवती नेहमीइतकीच माणसं होती. एकाने तर त्यांना पुढच्या वर्गासाठी विषयही सुचवला. मी माझं ताट संपवलं, धुतलं आणि कोट घातला. नवरा मागे थांबला, त्याला सतरंज्या आवरायच्या होत्या. मुलगी माझ्याबरोबर आली.

ट्राममध्ये ती बराच वेळ फोन बघत होती. मग वर न बघता म्हणाली, "तू बरोबर आहेस हे मला आधीच माहीत होतं."

"मग परीक्षेत?"

"तू समजावतेस तेव्हा समोरचा मूर्ख आहे असं वाटायला लागतं. काकांकडे चूक शिकलं तरी छान वाटतं. मला परीक्षेत बसून तुझं ऐकायचं नव्हतं."

"छान वाटून भोंगा वाजत नाही," मी म्हणाले.

"झीस्ट दू," ती म्हणाली. बघ. आणि परत फोनमध्ये शिरली.

तिचं म्हणणं मी तेव्हा मान्य केलं नाही आणि अजूनही पूर्ण मान्य केलेलं नाही. जो चुकीचं शिकवतो तो गोड बोलतो यात त्याचं काय मोठेपण? गोड बोलणं सोपं आहे, त्याला पानाचा उरलेला अर्धा भाग वाचावा लागत नाही. पण त्या वर्षानंतर ती अभ्यासातलं अडलेलं मला विचारेनाशी झाली. बाबाला विचारायची. बाबाला येत नसेल तर तो स्वयंपाकघरात येऊन मला विचारायचा, आणि मी सांगितलेलं तिच्या खोलीत जाऊन आपल्या शब्दांत सांगायचा. त्याने ते कसं सांगितलं हे ऐकायला मी कधी दाराशी उभी राहिले नाही. पुढच्या वर्षी विषय निवडताना तिने इन्फॉर्मातिक ठेवला, हे मला प्रगतिपुस्तक सहीला आलं तेव्हा कळलं. सरांना काही काळाने बॉनला मोठी जागा मिळाली. त्यांच्या निरोपाला शाल आणि नारळ देण्याचं ठरलं, तेव्हा नारळ कुठल्या दुकानात मिळतो ते विचारायला फोन मलाच आला.

मी पत्ता सांगितला.